सात किलोवॅट

कुहमोच्या पुढे, जिथे रस्ता आणि तळं
हिवाळ्यात वेगळे ओळखू येत नाहीत,
तिथे इम्पी कार्प्पिनेनचं घर मोजायला गेलो.
माझ्याआधी एकजण येऊन गेला होता.
टेबलावर त्याचा गुळगुळीत कागद: सोळा किलोवॅट.
"मोठाच घ्या म्हणाला. मनाला घोर नको.
वाढत्या अंगाचा."

घराला वाढतं अंग नसतं, मी म्हटलं.
मुलं वाढली, ओउलूला गेली, घर तेवढंच राहिलं.
मोठा पंप काय करतो,
उठतो, पाच मिनिटांत पाणी तापवून बसतो,
पुन्हा उठतो, पुन्हा बसतो,
पाहुण्यांसमोर उगाच लगबग करणाऱ्या माणसासारखा,
आणि वेळेआधी दमतो.
नेमका पंप उठबस करत नाही.
चालत राहतो, इतका हळू
की चालतोय हेच विसरायला होतं.

मग टेप काढली.
भिंतीची जाडी. माळ्यावर लाकडाचा भुसा,
एका कोपऱ्यात उंदरांनी पोखरलेला.
खिडक्या अकरा, त्यातली एक एकाच काचेची.
मागच्या दाराशी ओला हात धरला,
वारा बोटांना चाटून गेला.
"ही फट आधी बुजवा, पंपापेक्षा स्वस्त पडेल."
"तौनो दर हिवाळ्यात म्हणायचा, उद्या बुजवतो."

भिंती थोडंफार खोटं बोलतात.
तेलाचा हिशेब बोलत नाही.
तिनं खणातून वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची.
तौनोचं अक्षर, पेन्सिलीचं, उभं,
आकडे कुंपणाच्या खांबांसारखे.
प्रत्येक टँकर, प्रत्येक हिवाळा:
अठ्ठावीसशे लिटर. एकतीसशे. एकोणतीसशे पन्नास.
मध्येच, वेगळ्या हातानं, शाईत:
अकराशे.

"इथं काहीतरी चुकलंय. निम्म्याहून कमी."
तिनं कप बशीत ठेवला,
उचलला, पुन्हा ठेवला.
"चुकलं नाही. तेव्हा तो कायानीच्या इस्पितळात होता.
मी स्वयंपाकघरातच राहिले,
बाकीची दारं लावून घेतली.
एका माणसाला घर लागतं तरी किती?"

हा प्रश्न माझ्या तक्त्यात नाही.
तक्त्यात छत आहे, फरशी आहे,
बाहेरचे उणे बत्तीस, आतले अधिक एकवीस.
मी त्या ओळीवर हलकी रेघ मारली,
ते वर्ष सरासरीतून वगळलं.
मारल्यावर वाटलं, विचारायला हवं होतं.
ती खिडकीबाहेर बघत होती.

"वरच्या खोल्या धरायच्या का?"
घड्याळ बरंच चाललं.
"धर," ती म्हणाली. "कुणी येत नाही. पण धर."

धरल्या. हिशेब नऊवर आला,
तोही वर्षातल्या सगळ्यात गार रात्रीचा.
अशा रात्री किती? चार. एखाद्या वर्षी आठ.
त्या चार रात्रींसाठी
उरलेले तीनशे एकसष्ट दिवस
कुणी अवजड यंत्र पोसावं?
कोपऱ्यात तिची पावाची भट्टी होती, अख्ख्या विटांची,
सकाळी पेटवली तर दुसऱ्या सकाळीही
पाठ टेकवावी इतकी ऊबदार.
मी कागदावर लिहिलं: सात.

"पुरेल?"
पुरेल. नाही पुरलं त्या रात्री
तुम्ही पाव भाजा.

जानेवारीत तिचा फोन आला. उणे चौतीस.
पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू.
"तक्रार नाही," ती म्हणाली. "पाच पाव झालेत,
एकटीनं किती खायचे? येऊन घेऊन जा.
आणि तुझा तो पंप चालू आहे की बंद,
काही कळत नाही बघ. कान लावून पाहिला."

बोलता बोलता तिला धाप लागत होती.
मागे जिन्याची पायरी करकरली,
मग तिच्यावरची.